अर्ध्या तिकिटाचं वर्ष

कोल्हापूर,
29 डिसेंबर 2024

चि. बंड्या,
अनेक आशीर्वाद.

तुझं प्रगतिपुस्तक मिळालं. त्या गाण्याच्या अ‍ॅपनं तुला कळवलं की यंदा तू 41 हजार मिनिटं गाणी ऐकलीस. मी कागदावर भागाकार करून बघितला. अठ्ठावीस दिवस होतात आणि वर थोडे तास. म्हणजे जवळजवळ अख्खा फेब्रुवारी तू कानात ती बोंडं घालून बसला होतास. जेवलास कधी?

त्याखाली तू विचारलंस, "आई, तुझं वर्ष कसं गेलं?" आणि लगेच पुढच्या मेसेजात घराच्या एजंटाचा नंबर. दोन्हीचं उत्तर एकदमच देते. फोनवर तुझ्या मीटिंगा मधे येतात, म्हणून पत्र.

माझा हिशेब वहीत आहे. चौदा कार्यक्रम, त्यातले पाच फुकट, दोन मधूनच उठून आलो. चित्रांच्या दोन वह्या भरल्या, तिसरी अर्धी. एक भांडण, सात आठवडे टिकलेलं. मिनिटं मोजलेली नाहीत.

सुरुवात वाईट झाली. 9 जानेवारीला गायक रशीद खान गेले, अवघे पंचावन्न वर्षांचे. चारच दिवसांनी प्रभाताई अत्रे गेल्या. त्या संध्याकाळी गंगावेशीच्या काकू आपल्याकडे आल्या, चहा समोर ठेवला तरी हात लावेनात. म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी या बाईचा मारुबिहाग राग रेडिओवर ऐकला. पुणं पाच तासांवर. एकदाही समोर बसून ऐकलं नाही." मी तरी कुठं ऐकलं होतं? दर वेळी कुणाची तरी परीक्षा, कुणाचं तरी डोहाळजेवण, नाहीतर तुझी दहावी. (तुला बोलत नाही. बारावीही होतीच.)

त्यातून भिशी निघाली. तुला आमच्या भिशा माहीत आहेत, महिन्याला एकीकडे जमायचं, मिसळ नाहीतर आंबोळ्या खायच्या आणि चिठ्ठी निघेल तिनं पैसे घेऊन मिक्सर आणायचा. यंदा आम्ही गाण्याची भिशी केली. पाच जणी, महिन्याला हजार. चिठ्ठी जिची, कार्यक्रम तिच्या पसंतीचा, आणि बाकीच्यांनी तोंड वाकडं न करता जायचं. उरलेले पैसे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, डिसेंबरच्या सवाईसाठी, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासाठी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आम्हाला तसेही पंख फुटलेत. कंडक्टर पाच जणींना बघून म्हणायचा, "देवाला का?" नर्समावशी म्हणायच्या, "व्हय, देवालाच."

पाच जणी कोण ते सांगते. गंगावेशीच्या काकू, ज्या लग्नाआधी गात होत्या आणि नंतर गायच्या थांबल्या, का ते त्या सांगत नाहीत. नर्समावशी. पोस्टातल्या मावशी, ज्यांना प्रत्येक गोष्टीची पावती लागते. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची सून, वय अठ्ठावीस, आमच्यात का येते ते मला अजून कळलेलं नाही; येते आणि सगळ्यांच्या पिशव्या उचलते. पाचवी मी.

चित्रांचं असं झालं. भिशीच्या पहिल्याच कार्यक्रमात (कुठल्या, ते सोड) पाहुणे उशिरा आले म्हणून गाणं दीड तास लांबलं, आणि मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, मनोगत. पुन्हा शाल. मला आपल्याकडच्या या सत्कारांचं काही कळत नाही. गायक गायला आलाय, त्याला आधी थकवून मग बसवायचं. तर त्या पन्नास मिनिटांत मागं तानपुऱ्यावर बसलेली एक मुलगी होती. तिला कुणी ऊठ म्हणेना, बस म्हणेना. वाद्य कुशीत धरून, भोपळ्यावर हनुवटी टेकायच्या बेतात, पण टेकत नव्हती. मी पर्समधून पेन काढलं आणि निमंत्रणपत्रिकेच्या मागं तिला काढलं.

एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. घडा, दोन केळी, दुमडलेलं फडकं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला किती पोरं बसवली ती मोजदाद नाही. पण स्वतःसाठी म्हणून काढलेलं शेवटचं चित्र कुठलं हे आठवायला बसले तर तुझ्या बारशाची पत्रिका आठवली. त्या रात्री घरी येऊन ती मुलगी बघितली तर मान चुकलेली, हात लांब झालेला. शाळेत असतं तर मी दहापैकी पाच दिले असते. पण तिचं ते न टेकणं मात्र आलं होतं. दुसऱ्या दिवशी वही आणली.

मग मिरज. उन्हाळा लागायच्या आधी उरुसात गेलो, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांना तिथंच ठेवलंय, आणि त्यांच्या आठवणीत दर उरुसाला गाणं होतं. तिकीट नाही, सोफे नाहीत, चिंचेच्या झाडाखाली बसायचं. कलाकार हजेरी लावायला येतात. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपले. पण समेवर बरोबर बोट उचलायचे. बोट तेवढं काढलं मी.

एप्रिलात पेपरात आलं की मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पोस्टमावशींनी कात्रण काढून आणलं, आणि तेव्हा काकूंनी सांगितलं की त्यांच्या माळ्यावर एक तानपुरा आहे. आम्हाला धक्काच. 2019च्या पुरात ओल बसून त्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, कडेनं सुटली होती, तेव्हापासून चादरीत गुंडाळून पडलेला. मग काय, वाद्य घेऊन पाच बायका एसटीत. भोपळ्याला मांडीवर घेऊन काकू खिडकीपाशी, दांडी वरच्या मजल्यावरच्या सुनेच्या खांद्यावर. त्याचं पूर्ण तिकीट मागतो की काय अशी धास्ती होती.

सतारमेकरांच्या गल्लीत आम्ही तीन वेळा गेलो. तिथल्या माणसांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारी गेल्या आणि दीडेकशे वर्षांमागं हात वाद्यांकडं वळले. भोपळे अजून पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, खायचे नव्हेत, कडू जातीचे, आणि कारागीर ते टिचकी मारून, कलिंगड निवडावं तसे निवडतो. तबली चिकटवणं वगैरे झालं ते आमच्या पाठीमागं. जवारी, म्हणजे तार झणकारावी म्हणून घोडी घासणं, ती मात्र समोर बसून पाहिली. बंड्या, ती एक गंमत आहे. घोडीचा, म्हणजे तारांखालच्या पट्टीचा, माथा दिसायला सपाट, पण पार सपाट नसतो. किंचित उतार असतो, आणि त्या उतारावर तार कुठं टेकते, कुठं सुटते यावर सगळा झणकार. तो माणूस कानस दोनदा फिरवायचा, फुंकर मारायचा, तार छेडायचा, मान हलवायचा. पुन्हा दोनदा. तासभर. मधे तारेखाली सुती दोरा सारून केसभर इकडे, केसभर तिकडे. मला आधी काहीच फरक कळेना. आणि मग एकदा तार छेडली आणि ती संपेचना. खोलीत आवाज नुसता उभा राहिला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मी त्याचे हात काढत होते. त्यानं वही बघायला मागितली. बघितली आणि म्हणाला, "बाई, तारा तीनच?" खिडकीतून तिरपा उजेड येत होता, चौथी मला दिसतच नव्हती. मी तसं सांगितलं तर त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि चौथी तार स्वतः ओढली. बिनपट्टीची, एका झटक्यात. माझ्या तिन्हीपेक्षा सरळ आहे. ते पान मी कुणाला देणार नाही.

मे महिन्याबद्दल थोडक्यात. चिठ्ठी पोस्टमावशींची. त्यांनी जुन्या सिनेमागीतांचा एक कार्यक्रम निवडला, आवाज इतका की नर्समावशींनी रुमाल फाडून कानात घातला आणि मध्यंतरात आम्ही उठलो. मावशी एकट्या शेवटपर्यंत बसल्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "याला गाणं म्हणतात?" तेवढंच. त्या सात आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. हजार रुपये मात्र पहिल्या तारखेला सुनेच्या हाती, पाकिटात, आणि पावती मागायच्या. मी चुकले होते. नियम आमचाच होता, तोंड वाकडं करायचं नाही.

जुळवलं ते पुरानं. जुलैअखेर पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. 2019चा धसका अजून गेलेला नाही, तेव्हा पाणी 55 फुटांवर गेलं होतं. गंगावेशीच्या काकूंच्या घरात यंदा पाणी आलं नाही, पण त्या थांबल्या नाहीत. रिक्षातून उतरल्या तेव्हा हातात औषधाची पिशवी आणि तानपुरा. कपडे घरीच राहिले! चार दिवस आपल्याकडे होत्या. लाइट जात-येत होती. तिसऱ्या दिवशी भर पावसात पोस्टमावशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या, माझ्याकडे न बघता डबा ओट्यावर ठेवला आणि काकूंना म्हणाल्या, "वाजवा की, नुसतं बघत काय बसलाय." काकूंनी तारा मिळवल्या. पंचम, जोड, खर्ज. गायल्या नाहीत, नुसतं छेडत बसल्या. अर्ध्या-पाऊण तासानं त्यांनी सा लावला. घोगरा, फाटका. पुन्हा लावला. बाबा आतल्या खोलीत बातम्या बघत होते, त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. तुझे बाबा! पाण्याची पातळी सांगत असताना!

आणि मग ऑगस्ट.

8 तारीख, गुरुवार. रात्री दहाच्या सुमारास सून धावत खाली आली, "केशवराव पेटलंय." बाबा बनियनवरच स्कूटर काढून निघाले, मी मागं बसले. जवळ जाऊ देत नव्हते. लोक नुसते उभे होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. छप्पर आत कोसळलं तेव्हा जो आवाज झाला तो मी लिहिणार नाही. 1915 सालचं ते नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, तेव्हा पॅलेस थिएटर. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती, म्हणजे त्यांच्या नावाच्या रंगमंचावर हार चढायचे त्या सकाळी तिथं राख होती. बाबांनी त्या थिएटरात अख्खी नाटकं पाहिली असतील तर दोन. त्यांचं देऊळ शेजारी, खासबाग मैदान. पण ते म्हणाले, "कुस्ती बघताना पलीकडून घंटा ऐकू यायची गं." आणि स्कूटर बरोबर उलट्या दिशेला घेतली. आम्ही रंकाळ्यावर जाऊन थांबलो, बोललो काहीच नाही.

त्या महिन्याची चिठ्ठी माझी होती. मी म्हटलं, कार्यक्रम नको. सगळ्या जणी आपल्याकडे या, मी केशवराव काढते, तुम्ही सांगा.

मला वाटलं होतं डोळे मिटले की दिसेल. लहानपणापासून तिथं गेलेय. वडिलांच्या मांडीवर संगीत नाटकं, कॉलेजातल्या एकांकिका, शाळेची स्नेहसंमेलनं, विंगेत उभं राहून पोरांच्या मिशा चिकटवल्यात. पण पेन्सिल टेकवली आणि काही येईना. गॅलरीचा कठडा कसा होता? काकू म्हणाल्या सरळ उभे गज, नर्समावशी म्हणाल्या छे, त्याला नक्षी होती. पडद्याचा रंग? तीन जणींचे तीन रंग. पोस्टमावशींना खुर्च्यांचे नंबर आठवत होते, रंगमंच नाही. सून म्हणाली फोनवर फोटो बघूया की, तिला सगळ्यांनी गप्प बसवलं. मग आम्ही ठरवलं, जे कमीत कमी दोघींना सारखं आठवेल तेच काढायचं. बाकी कोरं.

असं करता करता पूर्ण कागदाचं एक चित्र झालं. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत लागले. रंगमंच बरा आलाय. विंगेतून दिसणारी पहिली रांग आलीय. शेवटच्या रांगेत बसलेली एक आकृती आहे, ती माझे वडील. माइकशिवाय आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतो का ते तपासायला ते मुद्दाम मागं बसायचे आणि दर वेळी तृप्त होऊन यायचे, जणू थिएटर त्यांनीच बांधलं होतं. उजवा खालचा कोपरा कोरा आहे. त्याचं पुढं सांगते.

दिवाळीत सगळ्या म्हणाल्या शाहू स्मारकात प्रदर्शन लाव. मी म्हटलं, मांडायला बारा चित्रं धड नाहीत. मग गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगली. गल्लीतले वीसेक लोक येऊन गेले. समोरच्या घरातले आजोबा केशवरावसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "पंखे विसरलात." खरंच विसरलो होतो. पाचही जणी.

नवरात्रात पुन्हा मिरजेला, अंबाबाईच्या देवळातल्या महोत्सवाला. चांगलं झालं, पण मला ताप होता, त्यामुळे वहीत काही नाही.

डिसेंबरचं तर तुला ठाऊकच आहे. 15 तारखेला रविवारी रात्री टीव्हीवर सांगितलं झाकीरभाई गेले, मग म्हणाले नाही नाही, आहेत, आणि सकाळी उठलो तर खरंच गेलेले. तू फोन केलास, काही बोलला नाहीस, "ऐकलंस का" एवढंच. तुझ्या कपाटाच्या दाराला आतून त्यांचं चित्र अजून आहे. कोपरे सुटलेत, मी नवी टेप लावली. जानेवारीत आपण कुणाला ऐकायचं राहिलं म्हणून सुरुवात केली, आणि वर्ष संपता संपता आणखी एक नाव त्याच यादीत.

त्याच आठवड्यात आम्ही सवाईला गेलो. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या नावानं 1953 साली सुरू केलेला, यंदाचा 70वा. रमणबागेत व्हायचा तो आता मुकुंदनगरला होतो, स्वारगेटला उतरून रिक्षा केली की झालं. शेवटचे दोन दिवस मिळाले. डब्यातले पैसे खुर्च्यांना पुरेनात, म्हणून भारतीय बैठक. बासष्टाव्या वर्षी! पहिल्या तासात माझे गुडघे बोलायला लागले. नर्समावशींनी पोटलीतून हवेची उशी काढली, ती पाळीपाळीनं फिरली, प्रत्येकीला एक राग. थंडी मरणाची. शाली, मफलरी, थर्मास, आणि आजूबाजूला पुणेकर. ते टाळ्यासुद्धा मोजून मापून वाजवतात.

मी चेहरे काढले नाहीत. दोन्ही दिवस नुसते तबल्यावरचे हात. उजवा हात सोपा, बोटं चाटेवर, शाईवर, दिसतात तरी. डावा अवघड. डग्ग्यावर मनगट टेकलेलं असतं आणि ते पुढं सरकतं तेव्हा आवाज वर चढतो. हात जवळजवळ हललेलाच नसतो. अकरा वेळा काढला. अकरावा बरा आहे, तो तुझ्यासाठी वेगळा ठेवलाय.

काकूंनी परतीच्या एसटीत कराडच्या पुढं गुणगुणायला सुरुवात केली. मारुबिहागच होता. आम्ही चौघी झोपल्याचं सोंग करून बसलो.

आता एजंटाचं. त्याचा नंबर मी घेतलेला नाही. घर मोठं झालंय, जिने चढवत नाहीत, बंगळुरात तुझ्याकडे लिफ्ट आहे, सगळं मान्य. पण फेब्रुवारीची भिशी आपल्याकडे आहे, तानपुरा हल्ली आपल्याच माजघरात असतो (काकूंच्या घरी ओल), आणि तिसरी वही अर्धीच झालीय. बाबांना विचारलंस तर ते "तुझी आई म्हणेल तसं" म्हणतील. म्हणून त्यांना विचारू नकोस. पुढच्या डिसेंबरात परत विचार. येताना 6बीच्या पेन्सिली आण, इथं मिळतात त्या मधेच तुटतात.

आणि तो कोरा कोपरा. चित्राचा फोटो सुनेनं तुला फोनवर पाठवलाय, मोठा करून बघ. तू पाच वर्षांचा होतास, बालनाट्य होतं, राक्षस आला आणि अंधार झाला तशी तू माझा हात सोडून पळालास. बाहेर शेंगदाणेवाल्यापाशी सापडलास. त्या पळण्याच्या वाटेवर एक दार होतं, तेच मला नक्की करता येत नाही. नर्समावशी त्या दिवशी शेजारी बसल्या होत्या, त्या म्हणतात उजवीकडचं. मला वाटतं मागचं. तू कुठल्या दारानं पळालास ते कळव, म्हणजे दोघांचं जुळेल आणि मला तिथं काहीतरी काढता येईल.

बाबा म्हणतात डावीकडच्या. ते त्या दिवशी आलेच नव्हते.

तुझी,
आई